सुतळी सर

आमच्या कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत 'माजी प्राध्यापक' या सदरात प्रा. दिनकर साळवे यांच्या नावापुढे एकच ओळ आहे. 'पदार्थविज्ञान विभागात काही वर्षे अध्यापन. वैयक्तिक कारणांमुळे स्वेच्छेने सेवामुक्त.' ती ओळ मी लिहिली. विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालेला मी एकटाच जवळपास राहत होतो, त्यामुळे जुन्या माणसांची माहिती लिहून देण्याचं काम माझ्याकडे आलं. ओळ खोटी आहे. साळवे स्वेच्छेने गेले नाहीत. आणि कारण वैयक्तिक असलंच तर ते त्यांचं नव्हतं.

स्मरणिका छापून वाटूनही झाली. ती आता दुरुस्त होणार नाही, म्हणून इथं लिहितो आहे. पण नुसती दुरुस्ती लिहिली तर ती कोणाबद्दल आहे हे वाचणाऱ्याला कळायचं नाही. म्हणून आधी साळवे सांगतो.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा ते आमच्याकडे आले. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, आणि भर मे महिन्यातसुद्धा मनगटाशी बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट. मूळचे पाथर्डीकडचे. वडील लहानपणीच गेले. आईनं दुष्काळी कामांवर खडी फोडून त्यांना नगरच्या वसतिगृहात ठेवलं आणि ते पुण्याला जाऊन एम.एस्सी. झाले. आमचं कॉलेज उसाच्या पट्ट्यातलं. आम्ही दोघंही देवळाली प्रवरेत राहायचो, मी माझ्या घरात आणि ते दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत. खोलीत बुद्धाची एक तसबीर, एक कॉट, आणि भिंतीला टेकवलेला लाकडी फळा. मी पाहिलेल्या खोल्यांमध्ये कॉटपेक्षा फळा मोठा असलेली ती एकच.

खिशात प्लॅस्टिकची साबणाची डबी असायची. डबीत रंगीत खडू. कॉलेज फक्त पांढरे खडू द्यायचं, हे ते स्वतः आणायचे. फळा डस्टरनं न पुसता स्वतःच्या रुमालानं पुसायचे आणि तोच रुमाल खिशात ठेवायचे, त्यामुळे त्यांची उजवी मांडी कायम रंगपंचमी खेळून आल्यासारखी दिसायची.

ते वर्गात समीकरणं फार लिहीत नसत. चित्रं काढायचे. वरून दोरे आत येतात, मधल्या चौकटींतून जातात, खालून बाहेर पडतात. दोरा म्हणजे एक वस्तू, चौकट म्हणजे त्या वस्तूवर केलेली क्रिया. दोन दोरे एका चौकटीत शिरले तर त्या दोन वस्तूंची गाठ पडली. क्वांटम मेकॅनिक्सच्या धड्यात जिथं पुस्तक पान भरून गणित करायचं तिथं साळव्यांचा फळा गोधडीसारखा दिसायचा. आमचा शिपाई बापू दारात उभा राहून विचारायचा, "सर, पुसू का ही गोधडी?"

"थांबा बापू, अजून ओढायची राहिलीय."

ही चित्रं त्यांनी शोधली नव्हती, ते तसं म्हणतही नसत. एम.एस्सी.ला असताना एका परदेशी पुस्तकाच्या परिशिष्टात कुठल्या तरी गणिती राशी अशा काढलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. लेखकानं गंमत म्हणून दिल्या होत्या. साळव्यांनी ती गंमत धरून ठेवली.

त्यांची एक सवय होती, ती कोणाच्या लक्षात आली नाही असं मला वाटायचं. नंतर कळलं की सगळ्यांच्याच आली होती. तुम्ही बोलत असलात की त्यांचं बोट टेबलावर हळूहळू फिरायचं. तुमचं बोलणं ते काढून बघत असायचे. बोट थांबलं की समजायचं, यांना पटलेलं नाही. मग ते 'चूक आहे' असं कधी म्हणत नसत. म्हणायचे, "इथं एक टोक लोंबतंय."

एकदा प्राचार्यांनी प्रात्यक्षिकांचं नवं वेळापत्रक समजावून सांगितलं. सगळे माना हलवत होते. साळव्यांचं बोट थांबलं.

"सर, एक टोक लोंबतंय."

"काय लोंबतंय?" प्राचार्यांनी स्वतःच्या धोतराकडे पाहिलं. खोली हसली.

"मंगळवारी प्रयोगशाळा सहायक एकाच वेळी दोन्ही तुकड्यांत जातोय, आणि बाहेर एकच येतोय."

तसं ते खरंच होतं. वेळापत्रक बदललं. पण माणसं हसली होती आणि प्राचार्य ते हसणं विसरणाऱ्यांतले नव्हते. साळव्यांना हे कधी कळलं नाही, की कळून त्यांनी सोडून दिलं, मला ठाऊक नाही. ते सोपे गृहस्थ नव्हते. दुसऱ्याचं बोलणं मधेच तोडायचे. स्वतःच्याच विनोदाला आधी हसायचे. रजिस्टरं भरण्यात कायम मागे. जेवायला बोलावलं तर 'नको नको' म्हणत तासभर बसायचे आणि मग जेवून जायचे.

माझी पत्नी सुमन त्यांना 'भाऊजी' म्हणायची. एका रविवारी ती पिठलं करत होती आणि साळवे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसले होते. तिनं सहज विचारलं, "भाऊजी, ते दोऱ्यांचं काय असतं हो? यांना विचारलं तर हे झोपतात."

साळव्यांनी डबी काढली आणि थेट फरशीवर सुरुवात केली. वरून चार दोरे आले: कांदा, मिरची, बेसन, पाणी. कांद्याच्या दोऱ्यावर 'चिरणे' अशी चौकट. बेसन आणि पाणी एका चौकटीत शिरले, 'कालवणे'. मग फोडणी. खाली एकच दोरा बाहेर पडला, पिठलं.

"आता वहिनी, तुम्ही कांदा आधी चिरता की बेसन आधी कालवता?"

"कांदा आधी. सासूबाई बेसन आधी कालवायच्या."

"मग हे बघा." त्यांनी एक चौकट पुसून जरा खाली काढली, दुसरी जरा वर. "चौकट आपल्या दोऱ्यावर वरखाली सरकली. दोरे तेच, जोडणी तीच. म्हणजे तुमची कृती आणि सासूबाईंची कृती एकच. लिहून काढली तर दोन वेगळ्या दिसतील, भांडण होईल. काढून बघितली की एक. पण ही फोडणीची चौकट कांद्याच्या वर सरकत नाही, एकाच दोऱ्यावर आहेत दोघी. तिथं क्रम सांभाळायचा."

सुमननं कढईतलं ढवळत ढवळत खाली पाहिलं. "आणि चुलीपुढं कोण उभं राहतं, तो दोरा कुठंय?"

मी हसलो. साळवे हसले नाहीत. त्यांनी विचार केला आणि सगळ्यात डावीकडे वरपासून खालपर्यंत एक सरळ दोरा काढला, आणि त्याच्यापासून प्रत्येक चौकटीला एक आडवी रेघ जोडली.

"हा तुमचा. आत जाता तशाच बाहेर येता. पण तुमच्यावाचून एकही चौकट हलत नाही."

"तशाच बाहेर येते म्हणे," सुमन म्हणाली. पण ती फरशी तिनं संध्याकाळपर्यंत पुसली नाही.

यानंतर काही वर्षांनी ते उजळणी वर्गासाठी पुण्याला गेले आणि परत आले ते वेगळेच. तिथं कोणीतरी क्वांटम संगणकावर व्याख्यान दिलं होतं. असा संगणक झाला तर तो आजच्या संगणकांना न पेलणारी काही गणितं करील, असं तेव्हा नुकतंच दिसून आलं होतं. साळव्यांनी तिथून झेरॉक्सचा एक गठ्ठा आणला होता. त्यात त्या संगणकाचे कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, चितारलेले होते: आडव्या तारा आणि त्यांवर चौकटी.

"बघा सर," ते मला म्हणाले. "यांनी तारा काढल्यात. पण काढून ठेवून दिल्यात. ओढत नाहीत. कार्यक्रम बरोबर आहे का हे बघायला परत पानंच्या पानं गणित करतात. अहो, चित्र हातात आहे, तर चित्रच सोडवा की."

हेच त्यांचं सगळं म्हणणं होतं. चित्र हे गणिताचं वर्णन नाही, चित्र हेच गणित. दोरा कसा ओढायचा, छोट्या क्रियेचा ठिपका कुठल्या दोऱ्यावरून सरकतो, दोन ठिपके भेटले की काय होतं, याचे थोडे नियम ठरवायचे. मग दोन कार्यक्रम एकच काम करतात की नाही हे एक चित्र ओढून ओढून दुसऱ्यासारखं करून सिद्ध करायचं.

त्यांनी हे स्टाफरूममध्ये करून दाखवलं. परीक्षेचे दिवस होते. टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. त्यांनी एका गठ्ठ्याची सुतळी सोडली, टेबलावर ठेवली आणि तिला दोन वळणं दिली. वरून आलेली सुतळी खाली वळून पुन्हा वर गेली, तिथं वळून पुन्हा खाली आली.

"हे टोक नगर, हे टोक पुणे. नगरच्या माणसाकडे एक क्यूबिट आहे, म्हणजे या संगणकातला माहितीचा सगळ्यात छोटा कण. त्याची अवस्था काय आहे हे त्यालाही ठाऊक नाही. ती पुण्याला पोचवायची. हा त्याचा कार्यक्रम. मासिकात याला दीड पान लागलंय." त्यांनी दोन्ही टोकं धरून ओढली. सुतळी सरळ झाली. "नगरला टाकलं, पुण्याला निघालं. झालं."

"काहीच झालं नाही," रसायनशास्त्राचे शिंदे म्हणाले. "सुतळी सरळ झाली."

"बरोबर! पण एक गोम आहे. नगरच्या माणसाला मधे मोजमाप करावं लागतं, आणि त्याचे चार निकाल येऊ शकतात. निकालाप्रमाणे दोऱ्यावर ठिपके पडतात. मग त्यानं एसटीडी बूथवर जाऊन पुण्याला फोन करायचा, असा असा ठिपका पडलाय. पुणेकरानं तसाच ठिपका आपल्या बाजूला ठेवायचा. दोन ठिपके दोऱ्यावरून सरकत येतात, भेटतात आणि दोघंही नाहीसे."

"फोन करायचाच आहे तर ती अवस्थाच सांगून टाका की फोनवर."

साळव्यांना इतका आनंद झाला की ते उभे राहिले. "तेच तर येत नाही शिंदे सर! ती बघायला गेलं की मोडते!"

"आणि हा संगणक आहे कुठं?"

"अजून झालेला नाही."

"म्हणजे न झालेल्या यंत्राचे कार्यक्रम तुम्ही तपासताय."

"विहीर खणायच्या आधी तुम्ही हातात नारळ घेणारा पाणाड्या बोलावता. मी निदान नारळ तरी आणत नाही."

सगळे हसले, शिंदेही हसले. त्या दिवसापासून पोरं त्यांना सुतळी सर म्हणायला लागली. ते त्यांना आवडायचं. पण ते तास घ्यायला बाहेर गेल्यावर शिंदे म्हणाले, "कोट्यातून आलं की अशी चित्रंच काढावी लागतात." मी पेपर वाचत होतो. वाचत राहिलो.

आता मुद्द्याचं. त्या काळात अधिव्याख्यात्यांसाठी नेट-सेटची अट आली होती. साळवे ती परीक्षा पास नव्हते. आमच्याकडे असा निरोप आला होता की ठरलेल्या मुदतीत एम.फिल. तरी पूर्ण केलं तर पद टिकेल, नाहीतर मान्यता जाईल. साळव्यांनी एम.फिल.ला नाव नोंदवलं. विषय, क्वांटम संगणकाच्या कार्यक्रमांची सिद्धता. मार्गदर्शक मी.

त्यांनी मला पहिला खर्डा दिला तो सगळा चित्रांचा होता. मी तो घरी नेला आणि ओसरीवर बसून वाचला. इथं एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण नंतर मी बऱ्याच लोकांना वेगळं सांगितलं. मला तो कळला होता. एका चित्रातून दुसरं कसं येतं हे मी बोटानं माग काढून पाहिलं आणि ते प्रत्येक ठिकाणी बरोबर होतं. मला भीती वाटली ती निराळ्याच गोष्टीची. विद्यापीठातला बाहेरचा परीक्षक हे उघडील आणि विचारील, हे काय आहे, आणि याच्यावर सही कोणाची आहे.

आमच्याकडे पेपर तपासताना आकृतीला एक गुण असतो. सिद्धता नसेल आणि नुसती आकृती असेल तर तो एक गुण द्यायचा आणि पुढे जायचं. मी आयुष्यभर तसेच पेपर तपासले होते.

"साळवे," मी म्हणालो, "ही चित्रं काढून टाका. सगळं मॅट्रिक्समध्ये लिहा."

त्यांचं बोट टेबलावर फिरत होतं ते थांबलं. "परिशिष्टात टाकू का?"

"नको. प्रश्न निघतात."

"सर, मग उरलं काय?"

"उत्तरं तीच राहतील ना?"

"उत्तरं तीच राहतील," ते म्हणाले. "लिहितो."

त्यांनी लिहिलं. तीन क्यूबिट असले की प्रत्येक क्रियेला आठ ओळी आणि आठ स्तंभ. अशी पानं मागून पानं. नगरला दिल्ली दरवाज्याजवळ टायपिंग करून घेतलं. टाइपरायटरवर नसलेली चिन्हं नंतर काळ्या शाईनं हातानं भरायची, तशी त्यांनी ती स्टाफरूमच्या खिडकीशी बसून भरली. मुदत जवळ आली होती. एकदा मी जवळ गेलो तर म्हणाले, "सर, यात मला काही दिसत नाही. नुसता भरत चाललोय." मी म्हणालो, सगळ्यांचं तसंच असतं.

तोंडी परीक्षा पुण्याला झाली. परीक्षक बारीक अंगाचे, सभ्य, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी प्रबंध नीट वाचला होता, आमच्याकडे हे नेहमीचं नसतं. त्यांनी एक पान उघडून साळव्यांपुढे सरकवलं.

"इथं ऋण चिन्ह हवं होतं ना? चौथ्या निकालात. ते नाही, त्यामुळे दुसऱ्या टोकाला चुकीचीच अवस्था निघते. आणि पुढची सगळी प्रकरणं यावर उभी आहेत."

साळव्यांनी पान पाहिलं. मीही पाहिलं. चिन्ह नव्हतं. तिथंच राहिलं होतं की आधीच्या कुठल्या गुणाकारात हरवलं होतं, हे बसल्या बसल्या सांगणं कोणालाही शक्य नव्हतं. पुढच्या पानांवरही तोच परिणाम वाहत गेलेला होता.

"सर, फळ्यावर दाखवू?" साळवे म्हणाले.

परीक्षकांनी होकारार्थी मान हलवली. साळवे उठले, डबी काढली, आणि दोन वळणांचा तो दोरा काढला. एका बाजूला लाल ठिपका दिला, दुसऱ्या बाजूला लाल ठिपका दिला. म्हणाले, "हा चौथा निकाल. आता हा ठिपका इकडं सरकवला की..."

"एक मिनिट," परीक्षक म्हणाले. "ही पद्धत प्रबंधात कुठं आहे?"

साळव्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते फळ्याकडेच पाहत होते.

परीक्षक माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात काही खोच नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, असं आज मला वाटतं. "मार्गदर्शक म्हणून तुम्हाला ही सिद्धता मान्य आहे का? तसं असेल तर मी ऐकतो."

मी म्हणालो, "नाही. प्रबंधात ती नाही."

दोन्ही वाक्यं मी एका दमात म्हणालो. दुसरं खरं होतं. पहिलं खोटं होतं.

साळवे वळले. माझ्याकडे बघितलं, पण त्या नजरेत राग वगैरे काही मला दिसला नाही. जसं एखादं वेळापत्रक ते बघायचे तसं बघितलं. फळ्यावर ते दोन ठिपके दोऱ्याच्या दोन बाजूंना तसेच होते. त्यांनी रुमाल काढून सगळं पुसलं आणि खुर्चीवर येऊन बसले.

शेरा आला: दुरुस्त करून पुन्हा सादर करावा. शेरा वाईट नव्हता. पण पुन्हा टायपिंग, पुन्हा सादरीकरण, पुन्हा तारीख, तोवर मुदत संपत होती. परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. शिरूरच्या पुढे साळवे म्हणाले, "चूक माझीच होती सर. चिन्ह राहिलं." मी म्हणालो, "होतं असं." मग नगर येईपर्यंत मी डोळे मिटून बसलो. मला झोप लागली होती असं मी सुमनला सांगितलं.

मान्यता गेली. पुढच्या सत्रात त्यांच्या तासांवर दुसरं नाव आलं. प्राचार्यांनी मला विचारलं होतं, काही करता येईल का. मुदतवाढीची शिफारस करता आली असती. मार्गदर्शकानं लिहून द्यायला हवं होतं की काम बरोबर आहे आणि चूक मांडणीतली आहे. तसं लिहिलं असतं तर मांडणी कोणी बदलायला लावली हेही लिहावं लागलं असतं. मी म्हणालो, नियम आहे, काय करणार.

खोली सोडण्याच्या आधी त्यांची आई सामान आवरायला आली होती. ती एकटीच आमच्या घरी आली. ओसरीच्या पायरीवर बसली, वर बस म्हटलं तरी बसली नाही.

"जयभीम गुरुजी. माज्या पोराचं काय चुकलं, तेवढं सांगा."

मी म्हणालो, "काही मोठं नाही आई. एका ठिकाणी चिन्ह राहिलं."

"म्हंजी केवढं?"

मी बोटानं हवेत एक आडवी रेघ काढून दाखवली.

तिनं त्या बोटाकडे बघितलं. "येवढी रेघ? येक रेघ न्हाई काढली म्हून नोकरी गेली व्हय? आन् त्यो तर रोज रेघाच काढीत बसायचा. जेवायचं ध्यान न्हाई राहायचं त्याला." मग ती सुमनला म्हणाली, "लई गुनाचा हाय ओ बाई. कुनाला उलटून बोलत न्हाई, हेच त्याचं वाईट."

सुमन चहा करायला आत गेली. ती बराच वेळ बाहेर आली नाही. त्या माउलीनं चहा घेतला, कप धुऊन ठेवला आणि गेली. सुमन त्यानंतर माझ्याशी साळव्यांबद्दल कधी काही बोलली नाही. ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

मागच्या दिवाळीत माझी नात घरी आली होती. ती पुण्यात संगणकाचं शिकते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून काही करत होती, मी पाणी प्यायला उठलो तर पडद्यावर दोरे होते. लाल आणि हिरवे ठिपके. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, "आजोबा, क्वांटम प्रोग्रॅम असेच तपासतात. चित्रानंच सिद्ध करायचं, मॅट्रिक्स नाही लागत. आणि हे मान्य आहे हं, उगाच चित्रं नाहीत." तिनं एक दोरा माऊसनं ओढून सरळ करून दाखवला.

साळवे मोठे शास्त्रज्ञ झाले असते असं मी म्हणत नाही. ज्यांनी पुढे हे केलं त्यांनी साळव्यांना न सुचलेल्या पुष्कळ गोष्टी केल्या असतील. नातीनं दाखवलेल्यातलं बरंच मला कळलंही नाही. मी एवढंच म्हणतो की साळव्यांनी मला दिलेल्या खर्ड्यात जे होतं ते बरोबर होतं, ते मला तेव्हा ठाऊक होतं, आणि विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो.

साळव्यांना मी शेवटचं पाहिलं ते नव्वदचं दशक संपता संपता, केडगावला. एका नातेवाइकाच्या साखरपुड्याला गेलो होतो. परत येताना एका पत्र्याच्या खोलीवर पाटी दिसली, 'साळवे क्लासेस, आठवी ते दहावी, गणित'. दार उघडं होतं. मी थांबायला नको होतं, पण थांबलो, आणि त्यांनी पाहिलं.

"अरे, सर! या, या."

मुलं-मुली सतरंजीवर बसली होती. खुर्ची एकच होती, ती त्यांनी मला दिली. केस पांढरे झाले होते. शर्टाच्या बाह्या तशाच बटण लावलेल्या. फळा छोटा होता आणि त्यावर पांढऱ्या खडूनं वर्गसमीकरण सोडवलेलं होतं, पायरीखाली पायरी.

"उभे राहा रे. हे माझे सर. एम.फिल.ला माझे मार्गदर्शक."

पोरं उभी राहिली, "नमस्ते सर" म्हणून खाली बसली. आई कशा आहेत असं मी विचारलं. बऱ्या आहेत म्हणाले, गुडघे धरलेत.

पुढच्या रांगेतली एक मुलगी, दोन घट्ट वेण्यांची, माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "सर, आमचे सर तुमच्याकडं हुते तवा हुशार हुते का?"

सगळा वर्ग खिदळला. साळवेही हसले. "ए आगाऊ, गणित उतरव." पण ते लगेच फळ्याकडे वळले नाहीत. हातात खडू धरून उभे राहिले. मुलं माझ्याकडे बघत होती.

मी 'हो' म्हणालो. मला वाटलं तेवढ्या मोठ्यानं ते निघालं नाही. मागच्या रांगेतल्या पोरींनी एकमेकींना विचारलं, "काय म्हनले? काय म्हनले गं?" तोवर साळव्यांनी पाठ फिरवली होती. त्यांनी फळ्याची वरची कड पुसली आणि पुढचं उदाहरण लिहायला घेतलं.